पाचवी गोळी आणि वसमत

"वाघमाऱ्यांचा नेम तीन पिढ्यांत चुकलेला नाही," असं खंडू वाघमारेने शुक्रवारी सकाळी बहारीनमधल्या अरादच्या फ्लॅटमध्ये जाहीर केलं आणि कपातली चहाची पिशवी चार फुटांवरच्या डब्याकडे भिरकावली. पिशवी फ्रिजमागे गेली.

भावना पोळ्या लाटत होती. तिने फ्रिजकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तीन पिढ्यांचं म्हणाल तर आजोबांनी गोफणीपलीकडे काही हाती धरलं नव्हतं. वडील पोस्टात शिक्के मारायचे. शिक्का तिकिटावरच बसायचा, हे मात्र खरं. उरला खंडू. परभणीला कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये त्याने पाच गोळ्या झाडल्या होत्या. टार्गेटवर भोकं निघाली चार, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळजवळ. पाचवी गोळी त्यातल्याच एका भोकातून गेली असा निकाल हवलदाराने दिला. ही गोष्ट खंडू चाळीस वर्षं सांगत आला होता. ती ऐकूनच भावना लग्नाला तयार झाली, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं असं की तिने पासपोर्टवरचा व्हिसा पाहिला होता.

आता तो व्हिसा संपत आला होता. महिनाअखेर खंडू प्लँटमधून रिटायर होऊन कायमचा परभणीला निघणार होता. अशा वेळी कंपनी भिंतीवरचं घड्याळ देते. पण त्याचा साहेब अबू हमद, बुदैयाला खजुराचं शेत असलेला बहारीनी माणूस, म्हणाला, "खंडू, मैं घडी नहीं देगा. मैं पाँच गोली देगा."

अबू हमदकडे एक रायफल होती. जाड नळीची, वर दुर्बीण बसवलेली. एकदा घोडा ओढला की पुढची गोळी आपणहून जागेवर येणारी. लायसन्स, क्लबमधलं लॉकर, सगळं रीतसर. ही जात म्हणे अमेरिकेत शेतातल्या घुशी लांबून टिपण्यासाठी निघाली. खंडूला हे ऐकून आपल्या लोकांचं कौतुक वाटलं होतं. आपल्याकडे हेच काम भज्याचा तुकडा लावून पिंजऱ्यात होतं. बुदैयाच्या शेतात घूस नव्हती. त्यामुळे नऊ वर्षांत त्या रायफलीने फक्त कागद मारला. अबू हमद शुक्रवारी पाच गोळ्या झाडायचा, नळी तासभर पुसायचा आणि रविवारी कागद घेऊन खंडूकडे यायचा. खंडू इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तो व्हर्नियर लावून भोकांमधलं अंतर मोजायचा, मोजता मोजता परभणीची गोष्ट सांगायचा. घोड्याला मात्र त्याचं बोट कधी लागलं नव्हतं.

गाडी संघप्रियाने चालवली. ही खंडूची लेक, शहराच्या सीफ भागात नोकरी करणारी. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीतून यायचं. वाटेत तिने विचारलं की पप्पा, समजा आज नाही जमलं तर? नाही जमलं तर चाळीस वर्षांची गोष्ट इथेच ठेवून जावी लागणार होती, आणि परभणीला न्यायला खंडूकडे दुसरी नव्हती.

क्लबात सीपीआरची ओळखपत्रं दाखवली, कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं चढवली. खंडू चटईवर पालथा पडला आणि एकदम एकोणीस वर्षांचा झाला. तेलाचा वास तोच. कॅम्पात बूट दोन नंबर मोठे मिळाले होते, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. पहाटे पुरीभाजीचा धूर रेंजवर यायचा आणि सगळी पलटण नेम सोडून नाक तिकडे धरायची. श्वास अर्धा सोडून धरायचा, बोट हळूच. खंडूने हळूच ओढलं. एक. तिथे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढावा लागायचा, त्यात मोजणी व्हायची. इथे मोजायला सवडच मिळाली नाही. ठो ठो करून तो थांबला.

संघप्रिया मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून होती. "पप्पा, आय कॅन सी ओन्ली फोर. बट सो क्लोज."

"पाचवी त्यातल्याच एकातून गेली," खंडू म्हणाला. हे वाक्य तोंडात तयारच होतं.

अबू हमदने माशाल्ला म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. लेकीने फोनवर फोटो काढला. गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती.

पण एनसीसीत एक रीत होती. खोके मोजून द्यायचे. खोके म्हणजे हल्लीच्या अर्थाने नव्हे. गोळी सुटल्यावर उरतं ते पितळी टरफल. "पहले खोखा, फिर चाय," हवलदार म्हणायचा, आणि एक जरी कमी भरलं तरी सगळी पलटण उपाशी गवत चाचपत बसायची. खंडूने रायफल तोंड पुढे ठेवूनच खाली टेकवली आणि रांगत खोके गोळा करायला लागला. या रायफलीने ते चारी दिशांना उडवले होते. अबू हमद म्हणाला, छोड दो, झाडूवाला उचलेल. खंडूने सोडले नाहीत. मोजले. पुन्हा मोजले.

चार.

ही गोष्ट जगात त्याला एकट्याला ठाऊक होती. पँटला खिसा होता. तो क्षणभर गुडघ्यांवर तसाच राहिला, मग हवलदाराचा तो चहा डोळ्यांसमोर आला असावा.

"साब," तो म्हणाला, "खोखा चार. एक मफी, नहीं है."

अबू हमदने रायफल उघडून पाहिली. पाचवी गोळी आत सुखरूप होती. त्याला हसू आवरेना. संघप्रिया हसली नाही. तिने फोन खाली ठेवला. अबू हमद म्हणाला, ही तुझीच, यल्ला.

खंडू पुन्हा पालथा पडला. या वेळी त्याने बराच वेळ घेतला. मग ठो झालं.

संघप्रियाने दुर्बिणीतून पाहिलं. अबू हमदने पाहिलं. कागद जवळ आणवला, खंडूने स्वतः व्हर्नियर लावला. भोकं चार. एक किंचित मोठं वाटत होतं. पण किंचित हा शब्द व्हर्नियरवर नसतो.

"या तो उसी में से गया," अबू हमद दाढी खाजवत म्हणाला, "नहीं तो समंदरवाले पुल के ऊपर से सौदी गया."

खंडूचे डोळे भरून आले.

"हवलदार पण हेच म्हणला होता गं," तो लेकीला म्हणाला. "उसी छेद से गई, नहीं तो वसमत गई. मी वसमत कधी सांगितलं नाही कुणाला."

संघप्रियाने कागद हातात घेतला, भोकातून बहारीनच्या उन्हाकडे पाहिलं आणि बऱ्याच वर्षांनी मराठीत म्हणाली, "तिथूनच गेली, पप्पा. वसमत लांब आहे."

पाच खोके अबू हमदकडे मोजून देऊन दोघं दुपारी घरी आली. खंडूने कागद डायनिंग टेबलावर पसरला आणि भावनाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, वसमतसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कागदही उचलून पाहिला.

"असू द्या," ती म्हणाली. "आता तेवढी फ्रिजमागची पिशवी काढा, मुंग्या झाल्यात."