टाकीची ओटी

पहिला हंडा वर आला, पण भिवराबाईने तो लगेच ओतला नाही. शिडीवर एका हाताने तोल सावरत तिने कनवटीची पुरचुंडी सोडली, टाकीच्या लोखंडी काठाला हळदीकुंकवाची बोटं ओढली, उरलेली हळद आणि चिमूटभर तांदूळ आत सोडले आणि हात जोडले. नवी विहीर असो, नवा रांजण असो, ओटी भरल्याशिवाय त्यात पाणी घालायचं नाही, एवढं तिला कळत होतं. मग तिने हंडा रिकामा केला. कोरड्या पत्र्यावर पाणी दणदण वाजलं तसं तिला बरं वाटलं.

"पूजा नंतर करा!" खालून किशनराव ओरडले. "मेहमान दुपारच्या गाडीनं यायलेत. टाकी भरायचीय आपल्याला."

किशनराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, कापसाचे अडते आणि तहसील कचेरीत कायम उठबस असलेला माणूस. गावात सरकी काढायची गिरणी यावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. एक खानदेशी शेठ जागा बघायला येणार होता. त्याला गंगाखेडवाल्यांनीही बोलावलं होतं. शेठने एकच गोष्ट विचारली होती, की बॉयलरला पाणी लागतं, तर गावात नळ आहे का. किशनरावांनी आहे म्हणून कळवून टाकलं. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. दगडी चौथऱ्यावर टाकी होती, सरकारी बंगल्याच्या अंगणात तोटी होती, दोन्हींना जोडणारा पाइपही होता. दुधना नदीचं पाणी वर चढवणारं इंजिन तेवढं नव्हतं. ते गिरणी ठरल्यावर मंजूर होणार होतं. तोवर धनगरवाड्यातल्या बाया होत्या.

त्यांना गोळा केलं होतं ते भिवराबाईने. किशनराव स्वतः वाड्यावर येऊन म्हणाले होते, "गिरणी आली की इंजिन आलं. इंजिन आलं की पहिला नळ तुमच्या दारात." नळ म्हटल्यावर भिवराबाईला दुसरं काही ऐकूच आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात नदीची दरड चढताना तिची सून केवळा भरल्या हंड्यासकट घसरली होती आणि पोटातलं पोर गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं, तरी पाण्याला जावंच लागत होतं. बाळंतपणाआधी दारात नळ यावा, एवढ्यासाठी भिवराबाई घरोघर हिंडली होती. केवळाला मात्र तिने आज घरीच बसवलं होतं.

फटफटल्यापासून बाया वाळूत झरे उकरत होत्या, वाटीवाटीने हंडे भरत होत्या आणि दरड चढत होत्या. वर गावाचं नटणं चाललं होतं, आणि ते बघून कुणालाही मळमळावं. उघड्या गटारावर तट्टे अंथरून वर चुन्याची फक्की मारली होती, खालून घाण बुडबुडतच होती. बंगल्यामागे मेलेलं कुत्रं उचलायला कुणी मिळालं नाही, तर त्याच्यावर बाभळीची फांदी टाकली. वास मारतो म्हणून वर गुलाबपाणी शिंपडलं. त्या दोन्हींचा मिळून जो दर्प सुटला त्याने मनकर्णाबाई हंडा खाली ठेवून ओकली. किशनराव तोंडातलं पान सांभाळत हे सगळं बघत होते. पायरीवर त्यांची पिचकारी पडली, तसा त्यांनी समोरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि ती पायरी धुऊन काढली. रिकामा हंडा घेऊन ती परत नदीवर गेली. भिवराबाईने शिडीवरून हे बघितलं आणि तिला त्या माणसाची शिसारी आली. पण नळ त्याच्याच हातात होता, म्हणून तिने तोंड फिरवलं.

स्टेशनावरून शेठला घेऊन येणारी बैलगाडी वेशीत दिसली तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती. बायांना बंगल्याच्या मागे, त्या बाभळीच्या फांदीशेजारी उभं केलं. नाकाला पदर लावून त्या उभ्या राहिल्या.

शेठ ठेंगणा, घामाघूम आणि कमी बोलणारा होता. त्याने सरबत नको म्हटलं आणि थेट तोटीकडे गेला. किशनरावांनी मोठ्या ऐटीने तोटी फिरवली. आत काही गुरगुरलं आणि पिवळंजर्द पाणी बाहेर आलं.

"नवा पाइप हाय," किशनराव घाईने म्हणाले. "गंज असतो थोडा."

शेठने ओंजळ धरली. ओंजळीत तांदळाचे दाणे पडले. ते त्याने किशनरावांपुढे धरले.

"गंजातून तांदूळ निघतात का, किशनराव?"

बंगल्याच्या कोपऱ्यातून बघणाऱ्या भिवराबाईला कळून चुकलं. आपल्याच हाताने घात झाला, गिरणी गेली, नळ गेला. ती पदर सावरत पुढे आली.

"माझी चूक हाय, मालक. ओटी म्या भरली. त्याहिला काय ठावं न्हाई."

"टाकी कुणी भरली?"

"आमी बायांनी. नदीवरून."

"कधी?"

"आज सकाळच्या पारी."

शेठने टाकीकडे बघितलं, मग लांब खाली दुधनेच्या पात्राकडे. किशनराव काही सांगू लागले, त्याने हाताने थांबवलं. आता हा माणूस गंगाखेडला निघून जाणार, असं भिवराबाईला वाटलं आणि ती भडाभडा बोलत सुटली.

"पाण्याची फिकीर करू नगा, मालक. उन्हाळ्यात बी झरे आटत न्हाईत. इंजिन येईस्तोर आमी रोज टाकी भरू. लय बाया हायत वाड्यात. पर गिरणी हितंच काढा."

"रोज?"

"रोज. शब्द हाय माझा."

शेठ पहिल्यांदाच हसला. धोतराला हात पुसत तो किशनरावांकडे वळला.

"मग इंजिन कशाला आणता? ते बिघडतं, त्याला तेल लागतं, मिस्त्री ऐन हंगामात पळून जातो. बाया बऱ्या. जागा पसंत आहे मला."

किशनरावांचा जीव भांड्यात पडला. शेठला बंगल्यात बसवून त्यांनी बायांसाठी जिलबीची टोपली बाहेर पाठवली आणि स्वतः मागून आले.

"भिवराबाई, गावाची इज्जत राखली तुमी. हंगाम लागला की सगळ्यांना रोजचं काम."

"आन् नळ?"

"आता नळ कशाला?" किशनराव मनापासून हसले. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. "तुमी हायत ना."

बाया खूश होत्या. मनकर्णाबाईसुद्धा तोंड धुऊन जिलबी खात होती. घरबसल्या काम चालून आलं, सुगीनंतर कुठे हिंडायला नको, असं जी ती बोलत होती. भिवराबाईच्या हातातली जिलबी पाकाने चिकट झाली. तिला शेठची किळस आली, किशनरावांची आली, आणि सर्वांत जास्त आली ती आपल्या जिभेची. जिलबी तिने टोपलीत परत टाकली.

वाड्यावर बातमी तिच्या आधी पोचली होती. केवळा उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. बाळाच्या दुपट्यांसाठी जपून ठेवलेलं जुनं मऊ लुगडं तिने फाडलं होतं आणि एका पट्टीची, डोक्यावर हंड्याखाली ठेवायची चुंबळ वळत होती.

"आत्याबाई, माजं बी नाव सांगितलं का? बाळंत होऊस्तोर येती की मी. रोज काम म्हंत्यात."

भिवराबाई सुनेजवळ खाली बसली. अर्धवट वळलेली चुंबळ तिने हातात घेऊन उलगडली, पट्टी मांडीवर सपाट केली, आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"ढिली झालती का?" केवळाने विचारलं.

"व्हय," भिवराबाई म्हणाली आणि चुंबळ पुन्हा घट्ट वळू लागली.