नजर रस्त्यावर

मास्तरांची गाडी इतकी जुनी होती की तिचे सुटे भाग बनवणं कंपनीनं कधीच सोडून दिलं होतं. दाराची कडी तुटली तर कडी, आरसा फुटला तर आरसा. जे लागेल ते भंगारच्या यार्डात जाऊन तिच्याच एखाद्या मेलेल्या बहिणीच्या अंगावरून उतरवून आणावं लागे. तरी मास्तर तिला सोडत नव्हते, कारण सोडता येत नव्हतं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या परवान्यावर आता ही एकच गाडी उरली होती. नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि इतक्या वयाची दुसरी गाडी परवान्यावर चढवून घ्यायला परिवहन कार्यालय तयार नव्हतं. ही थांबली की स्कूल थांबलं. आणि स्कूल थांबलं तर या माणसाचं घरात करायचं काय, हा प्रश्न मास्तरांपेक्षा त्यांच्या बायकोला जास्त छळायचा. ती घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून शिकवणीचे फोन घ्यायची. हल्ली फोनपेक्षा डासच जास्त वाजायचे.

अशात रेडिएटर गळायला लागला.

गाडीचं सगळं काम बायकोचा थोरला भाऊ करायचा. त्याला सगळे दादाच म्हणत, मास्तरसुद्धा. त्याचं गॅरेज म्हणजे दोन दुकानांच्या मधल्या बोळावर टाकलेला पत्रा. त्यानं गाडीखाली घुसून पाहिलं आणि तिथूनच आवाज दिला.

"भाऊजी, याला आता डाग देऊन चालायचं नाही. जिथे बोट लावावं तिथे भोक पडतंय. दुसराच बसवायला लागेल."

"नवा?"

"नवा कुठे मिळतो याचा? चला यार्डात."

यार्डवाला फाटकातच खुर्ची टाकून बसलेला असे. मास्तरांना पाहिल्यावर त्याला नेहमी उकळ्या फुटायच्या.

"या मास्तर! अजून चालतेय ती? मला वाटलं, एव्हाना आमच्याकडे नांदायला आली असेल."

"तुझ्याकडे नाही देणार. खाष्ट सासर आहे," मास्तर म्हणाले.

आत गाड्या एकीवर एक रचलेल्या होत्या. त्यांच्या मॉडेलच्या दोनच उरल्या होत्या. एकीचा रेडिएटर आधीच कुणी नेला होता. दुसरीचा जागेवर होता. दादानं तो सोडवला, उन्हात धरून त्याच्या जाळ्या पाहिल्या, खालचं तोंड तळहातानं दाबून वरून पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. मास्तरांचा चेहरा खुलला. दादाचा खुलला नाही. त्यानं रेडिएटरच्या तोंडात बोट घालून आतून खरवडलं. बोटाला करडा, चिकट गाळ लागला.

"गळती बुजवायची पावडर टाकलीय कुणीतरी. म्हणून गळत नाही."

"गळत नाही ना पण?"

"आत्ता गळत नाही. तापल्यावर ही खपली कधी निघेल ते सांगता येत नाही."

यार्डवाल्यानं मग आतून दुसरा आणला. थोड्या मोठ्या गाडीचा, अपघातात मागून चेपलेल्या गाडीचा, म्हणून पुढचा भाग कोरा करकरीत. दादानं तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. पट्ट्या कापून नव्यानं जोडाव्या लागल्या असत्या, नळ्या बदलाव्या लागल्या असत्या. पण बसला असता. यार्डवाल्यानं किंमत सांगितली. मास्तरांनी तो हळूच खाली ठेवला, काचेचं भांडं ठेवावं तसा.

"हा आपल्याच मॉडेलचा आहे," पावडरवाल्या रेडिएटरकडे बोट दाखवून ते म्हणाले. "कापाकापी नको."

दादाला मेहुण्याचा खिसा ठाऊक होता. तो वाद घालायच्या भरीस पडला नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं रेडिएटर बसवला, आतून जमेल तितका धुतला, गाडी तासभर जागेवर चालू ठेवली. किल्ली हातात देताना मात्र त्यानं ती लगेच सोडली नाही.

"भाऊजी, एक सांगतो. आठ-पंधरा दिवस तापमानाच्या काट्यावरची नजर हलवायची नाही. काटा मध्याच्या वर सरकला की गाडी तिथल्या तिथे बंद करायची. भर रस्त्यात असलात तरी. पाणी गेल्यावर हे इंजिन पाच मिनिटं टिकणार नाही."

"मला शिकवतोस?" मास्तर हसून म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांनी काट्यावर नजर ठेवली. काटा शहाण्यासारखा खाली बसून होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्या जागी, शेजारच्या सीटवर बसले, आणि तिथून काटा दिसत नव्हता. तो स्टिअरिंगच्या मागे, शिकाऊ माणसाच्या समोर होता. शेजारून पाहिलं तर डॅशबोर्डच्या छपराखाली नुसता अंधार. इतकी वर्षं शिकवताना मास्तरांना त्याची कधी गरज पडली नव्हती. गाडीला काय होतंय ते त्यांना पायाखालून कळायचं.

बायकोनं जेवताना विचारलं. "दादानं काट्याचं सांगितलंय ना? मग तुम्ही बघणार कसे?"

"कळतं मला आवाजावरून."

"त्यापेक्षा त्या नर्सबाईंना सांगा की. त्यांच्या समोरच असतो तो."

"तिला?" मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अगं, तिची मान वर यावी म्हणून मी महिनाभर घसा फोडतोय. आता काट्याकडे बघ म्हणालो तर गाडी थेट झाडावर. शिकाऊ माणसानं फक्त रस्ता बघायचा."

बायको उठली. मास्तर शिकवण्याबद्दल बोलायला लागले की ती ताटं आवरायला घ्यायची.

नर्सबाई ही त्या वेळी त्यांची एकुलती एक शिष्या. पन्नाशीला टेकलेली, हाताची स्थिर, वॉर्डात भल्याभल्या डॉक्टरांना तंबी देणारी. पण गाडीत बसली की तिची नजर रस्ता सोडून समोरच्या तबकड्यांवर जायची. वेग किती, इंधन किती, कुठला दिवा लागला.

"बाई, रस्ता बाहेर आहे."

"सवय हो, सर. आमच्याकडे माणसापेक्षा आकडेच जास्त बघायचे असतात."

"इथे पेशंट समोरून पळत येतो. पुन्हा खाली बघितलंत तर त्या सगळ्यावर पुठ्ठा चिकटवीन."

ती हसायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा खाली बघायची. मास्तरांनी हात टेकायचेच बाकी होते. मग एके दिवशी अचानक तिला ते जमलं. मान वर, हात सैल, नजर लांब. सिग्नलला गाडी अलगद थांबली. मास्तरांनी आपल्या बाजूच्या ब्रेकवरून पाय काढून घेतला. त्यांच्या मते ती एक पदवीच होती.

"आता कशा दिसताय ड्रायव्हरसारख्या!" ते म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बायकोलाही सांगितलं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ते गाणं गुणगुणत झोपायला गेले.

तिची परीक्षा जवळ आली होती, म्हणून त्यांनी तिला पुलाच्या चढावर न्यायचं ठरवलं. दुपारची वेळ, रखरखीत ऊन, पुढे एक लादलेला ट्रक गोगलगायीसारखा चढत होता. मधेच उग्र, उकडल्यासारखा वास आला. मास्तरांनी ट्रककडे बघून नाक मुरडलं आणि काच वर केली. थोड्या वेळानं गाडीची ओढ कमी झाली. त्यांना ते पायाखालून बरोबर कळलं. पण ती शिकाऊ माणसाची गाडी होती, आणि शिकाऊ माणूस चढावर एकच चूक करतो.

"क्लच सोडा, बाई. पाय ठेवून बसू नका त्यावर."

"ठेवलेला नाही, सर."

"मग दाबा जरा. घाबरू नका, द्या रेस."

तिनं दिली. इंजिनातून डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. तिचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. तिची नजर पुढच्या ट्रकवर खिळलेली होती, जशी असायला हवी तशी. पुलाच्या माथ्याच्या थोडं अलीकडे काहीतरी कर्रकन् आवळल्यासारखं झालं आणि गाडी जागच्या जागी थिजली. बॉनेटच्या कडांतून वाफ बाहेर आली. मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला.

मास्तर वाकून तिच्या बाजूला झुकले. आता काटा दिसला. लाल पट्ट्याच्या पार टोकाला टेकून तो निवांत पडला होता.

"हा केव्हापासून?"

"चढ लागला तेव्हा वर सरकला होता. एकदाच दिसला." तिनं स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं. "सांगणार होते. पण म्हटलं, खाली बघितलं म्हणून तुम्ही ओरडाल. नंतर मी बघितलंच नाही."

मास्तरांनी हात लांबवून किल्ली बंद केली.

"चुकलं का माझं, सर?"

"नाही," ते म्हणाले. "शिकवलं तसंच केलंत."

दादानं इंजिन उघडलं तेव्हा बायकोही बोळात येऊन उभी राहिली. हेड वाकलं होतं. ते कदाचित घासून सरळ करता आलं असतं. पण पिस्टननं सिलिंडरची भिंत खरवडून काढली होती. रेडिएटरच्या तळाशी करड्या गाळाची खपली निघून पडली होती, आणि ती होती तिथे आता करंगळी जाईल एवढी फट होती. दादानं यार्डात फोन लावला. त्या मॉडेलचं इंजिन नव्हतं. आणखी दोन ठिकाणी लावला. एके ठिकाणी नुसतेच हसले.

"काटा बघत होतात ना, भाऊजी?" त्यानं हात पुसत विचारलं.

मास्तर फडक्याकडे बघत राहिले. बायकोला उत्तर ठाऊक होतं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं. तिनं फक्त त्यांच्या खांद्यावर पडलेली काजळी झटकली आणि ती घराकडे वळली. फोन करून नर्सबाईंसाठी दुसरं स्कूल तिलाच बघायचं होतं.

गाडी यार्डात न्यायची ठरली. दादाच्या टेम्पोला दोर बांधला. मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. मास्तर पुढे झाले. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यापुढचे दोन जादा पेडल झिजून चांदीसारखे चकाकत होते. स्टिअरिंगचं कुलूप सुटावं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. तबकड्या जाग्या झाल्या. काटा किंचित थरथरला आणि तळाशी जाऊन बसला.

"दोर ढिला पडू देऊ नका!" दादा ओरडला. "ब्रेक जड लागेल, जोरात दाबा!"

टेम्पो निघाला. मास्तर काटा बघत होते. तो हलणार नव्हता. गार इंजिनाचा काटा हलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ते बघत होते. वळणं मागे पडली, बाजार मागे पडला. यार्डाच्या फाटकाशी टेम्पो थांबला तो त्यांना दिसलाच नाही. गाडी सावकाश पुढे घरंगळत गेली आणि टेम्पोच्या मागच्या लोखंडी पट्टीवर आपटली. काचेचा बारीक आवाज झाला.

दादा धावत आला. "कुठे बघत होतात?"

यार्डवाला खुर्चीवरून उठला होता. या वेळी त्यानं नांदण्याचा विषय काढला नाही. त्यानं वाकून फुटलेला दिवा पाहिला, दुसरा शाबूत आहे याची खात्री केली.

"मास्तर, एवढीच चांगली वस्तू होती हो तिच्यात," तो म्हणाला. "या मॉडेलची दिव्याची काच आता कुठे मिळत नाही."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले, आणि किल्ली काढायला त्यांनी हात पुढे केला.