शिवमची लूट

आमच्याकडे बोरन्हाणाला लूट म्हणतात. संक्रांतीत लहान लेकराला काळे कपडे नि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि गल्लीतल्या पोरांनी त्या लुटायच्या. लुटायला पोरंच नसली तर घरात नुसता कचरा होतो.

पोरं येतील की नाही, हीच मला काळजी होती. माझा शिवम नऊ महिन्यांचा. गाल लालभडक, कोपरांच्या नि गुडघ्यांच्या खाचांत कातडी सोललेली, सारखी खाज. अमरावतीच्या या कॉलनीत त्याला कडेवर घ्यायला कुणी हात पुढे करत नाही. खरूज आहे म्हणतात, अर्थात माझ्या पाठीमागे. नवरा, अश्विन, पुण्याकडे कंपनीत. सासूबाई दर्यापूरला तुरीच्या कामात अडकलेल्या. आई अकोल्याला, गुडघ्याचं ऑपरेशन करून पडलेली. घरात आम्ही दोघंच, आणि त्यातल्या एकाला अजून बोलता येत नाही.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. हा ॲलर्जीचा एक्झिमा, कुणाला लागत नाही. जन्मल्यावर शिवमला काचेच्या पेटीत ठेवून अँटिबायोटिक्स दिली होती. तेव्हा ती देणं भागच होतं. पण पहिल्या महिन्यांत आतड्यात जे चांगले जंतू वस्तीला यायचे ते त्यामुळे कमी आले असतील, आणि म्हणून शरीर उगाच कशाशीही भांडत असेल. असेल, नक्की नाही, असंही ते म्हणाले. पुष्कळ लेकरांचं वाढत्या वयात कमी होतं म्हणे.

मी एवढी शहाणी, की आमंत्रणाला गेले तिथे घरोघर हे सांगत सुटले. गुपचूप कुंकू लावून "पोरांना पाठवा" म्हटलं असतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पण मला वाटलं, कारण कळलं की माणसाची भीती जाते.

शेजारच्या शालूकाकूंनी दारातच ऐकून घेतलं. "पोटात जंतू हायेत म्हन्ता?"

"चांगले जंतू, काकू. ते सगळ्याईच्याच पोटात असतेत. याच्या कमी हायेत."

"जंतू ते जंतूच व माय. आमची पायल लहान हाये अजून. पाहतो मी."

"पाहतो" म्हणजे नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. तरी मी दोन किलो बोरं आणली.

चार वाजल्यापासून पाट मांडून बसले. शिवमला जुन्या सुती साडीचं काळं झबलं शिवलं होतं, नवं कापड त्याला टोचतं. बाहेर पतंगांचा गलका चालला होता. शेवटी मीच दारात जाऊन हाक मारली, "या रे, लूट हाये." गलका थांबला. वरच्या गच्चीवरून कुणाची तरी आई म्हणाली, "अभ्यासाले बसा आता." ऐन संक्रांतीला अभ्यास. आधी राग आला, मग रडूच आलं.

मीच ओवाळलं, मीच ओतलं. शिवम खुदकन हसला. बोरं पलंगाखाली गेली, ती मी गुडघ्यांवर रांगत वेचली. इतकं एकटं मला बाळंतपणातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अश्विनचा फोन आला.

"झाली का लूट?"

"झाली."

"पोट्टे आले होते?"

"लय. घर भरलं होतं. आत्ताच गेले."

तो म्हणाला, "सकाळपासून कामात ध्यान नाही लागून राहिलं मले. म्हटलं, त्याचं अंग पाहून कोनी येते का नाही. तुले बोललो नाही. तू तिथं एकटी."

पलंगाखाली राहिलेलं एक बोर मी पायानं बाहेर ओढलं.

"पोट्ट्याईचा फोटो पाठव ना. रूमवरच्याईले दाखवतो."

"नाही काढला," मी म्हटलं. "हात मोकळा नव्हता."

तेवढं खरं होतं. शिवमला पुन्हा खाज सुटली होती, आणि फोन खांद्याशी दाबून त्याचे दोन्ही हात मी घट्ट धरून बसले होते.