गॅदरिंगचा हिरवा घागरा

मी एक घागरा बोलतोय. जरीचा नव्हे हं, तो माझा शेजारी. मी हिरव्या प्लास्टिकच्या झिपऱ्यांचा. इलॅस्टिकला झिपऱ्या शिवल्या की झालो मी तयार! मालेगावात एका मशीनवर आम्ही भावंडं जन्मलो आणि नाशिकला, पंचवटीत शेखरभाऊंच्या ड्रेपरीच्या, म्हणजे भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात येऊन लटकलो.

डिसेंबर आला की शाळांच्या बाई दुकानात येत. "भाऊ, आदिवासी नाचाचा सेट आहे ना?" शेखरभाऊ आमच्याकडे बोट दाखवत. सोबत पिसांच्या टोप्या, डोक्यात खोवायची प्लास्टिकची हाडं आणि तोंडाला लावायच्या काळ्या रंगाची डबी. मग काय, मी भाव खायला लागलो. जरीच्या घागऱ्याला ऐकवायचो, "तू नुसता कपडा. मी परंपरा आहे, परंपरा!"

खरं सांगायचं तर आदिवासी माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. पाहिल्या त्या तोंड काळं करून 'हुर्र हुर्र' ओरडणाऱ्या शाळेतल्या मुली आणि मोबाइल उंच धरून शूटिंग करणारे त्यांचे पालक.

यंदा अंजलीबाईंनी सहावीच्या मुलींसाठी आमचा सेट नेला. तालमीच्या वेळी त्यांनी मुलींवर नजर फिरवली आणि कौतुकाने म्हणाल्या, "मैना, तू पुढे ये बरं. तुला तर रंगाचीही गरज नाही!"

वर्ग खो खो हसला. मैनाही हसली, पण जरा उशिरा. बाई मनाने वाईट नव्हत्या. पोरीला पुढची जागा दिली, याचाच त्यांना आनंद झाला होता.

मी मैनाच्या कमरेला सैल होत होतो. इलॅस्टिक घट्ट करायला म्हणून बाईंनी मला तिच्या घरी पाठवलं. तिचे बाबा, केरू गावित, वायरमन. घरी आई होती आणि आजी नवसाबाई. आजी खास नातीचं गॅदरिंग बघायला पेठ तालुक्यातल्या गावाहून आली होती. तिने मला पिशवीतून बाहेर ओढलं.

"हा काय आहा गं? कोंबड्यांच्या खुराड्याला लावाचा?"

"ड्रेस आहे, आजी. आदिवासींचा."

"कोनाचा?"

"आपला," मैना पुटपुटली.

आजीने मला उलटं केलं, सुलटं केलं, स्वतःच्या कमरेला लावून पाहिलं आणि अशी हसत सुटली, की तिला ठसका लागला. "ह्या नेसून भात कसा लावाचा? निम्मा चिखलातच राहील!" हाडांचं ऐकल्यावर तर ती डोळे पुसायला लागली. "मटन खाल्ला का हाडं टाकून देतो आमी. डोक्यात नाय खोवत!" माझी परंपरा तिथल्या तिथे गळून पडली.

मग मैनाने काळ्या रंगाचं सांगितलं. आजीचं हसू थांबलं.

"तोंडाला काळा फासतात ते चोराच्या," ती म्हणाली.

मैनाला रडू फुटलं. "शाळेत मी कुणाला सांगितलंच नाहीये, आजी. आपण कोण ते. नुसतं 'पेठची' म्हणते. सांगितलं तर सगळे मलाच हसतील."

आजीने आपलं गाठोडं सोडलं, त्यातली लाल फडकी काढली आणि लुगड्यावर घेतात तशी ती नातीच्या खांद्यावरून घेतली. "नाचाचा तर नाच, नसल तर नको. पन हसतील म्हून थांबू नको."

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती. मैनाच्या वर्गातल्या सृष्टीचा अर्धा चेहरा रंगवून झाला होता. मैना मला हातात आणि फडकी खांद्यावर घेऊन बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, याच्याऐवजी मी ही घेतली तर चालेल?"

"छान आहे गं. पण मग तू आदिवासी वाटणार नाहीस!"

मैनाची बोटं माझ्यात रुतली.

"बाई, मी आदिवासीच आहे. कोकणा जमातीची. आमच्यात असं कुणी नेसत नाही. आणि तोंड रंगवत नाही. जे आहे तेच असतं."

कुणी हसलं नाही. सृष्टीने गालाला हात लावला. "बाई, मग मी हे पुसू?"

बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी रंगाच्या डबीचं झाकण लावलं. "पुसा. सगळ्या जणी पुसा. मैना, चुकलंच माझं. तुमच्याकडे कसं नाचतात गं?"

"एकमेकींच्या कमरेला धरून, गोल," मैना म्हणाली आणि तिने सृष्टीच्या कमरेला हात घातला.

गॅदरिंगला मुली आपापल्या आयांच्या साड्या नेसून नाचल्या. मी स्टेजमागच्या खोलीत खुर्चीवर पडून होतो. दिसलं काही नाही, पण टाळ्यांतूनही एक आवाज स्पष्ट ऐकू आला. "माजी नात आहा ती! लाल फडकीवाली!" कुणी न नेसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

परवा एका बालवाडीने मला नेलं. नाटकात मी झुडूप झालो. माझ्याआड ससा असा लपला, की सिंह रडायला लागला! काम मनासारखं आहे. तरी दुकानात अजून कुणीतरी 'आदिवासी सेट' मागतंच आणि शेखरभाऊ आमच्याकडे बोट दाखवतातच.

बाई, झुडूप हवं असेल तर मला खुशाल न्या. आदिवासी नाच बसवायचा असेल, तर आधी आपल्या वर्गात विचारा, आणि लगेच हात वर झाला नाही तर जरा थांबा. तो हात वर यायला फार धीर लागतो.