सगळ्यांच्या हाती येईपर्यंत

दुष्काळाचं साल होतं. चोपड्याच्या चर्चमध्ये याकोब प्रभुभोजनाचं ताट धरून उभा होता. पुढच्या बाकांना भाकर वाटून झाली, मागचे बाक मात्र रिकामे. तिथली माणसं खडी फोडायला जायची. त्यांना सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. काम आटोपून ती धावत यायची. मंडळीचा नियम जुना होता, सगळ्यांच्या हाती भाकर आल्याशिवाय कोणी तोंडात घालायची नाही.

"उरक आता," हातातला तुकडा तोंडाशी नेत पुढून दानिएलनाना गरजले. "उपासनेला शिस्त असते!"

"शिस्तच पाळतोय, नाना. माणसं यायचीत."

"घरजावयानं सासऱ्याला शिकवू नये! माझ्या छपराखाली राहतोस."

बायकांनी पदर तोंडाला लावले. आज नमलो नाही तर संध्याकाळी बिछाना रस्त्यावर, हे याकोबला ठाऊक होतं. आणि नमलो तर शिस्त फक्त पुढच्या बाकांची, हेही.

"छप्पर तुमचं, मेज प्रभूचं. हात खाली घ्या."

नानांनी तुकडा ताटात आपटला आणि ते तरातरा बाहेर पडले. दारातच त्यांना धुळीनं पांढरी झालेली झुंबरबाई भेटली. तिच्यामागे सगळा तांडा होता.

"भाऊ, आमनाकरता शे का काही?"

"आहे, अक्का. बसा." याकोबनं नानांचाच तुकडा तिच्या हातावर ठेवला.

मग त्यानं बायकोकडे बघितलं. बापामागे मार्था उठली नव्हती. तिची भाकर अजून मुठीतच होती.