बिननावाच्या तबकड्या

"नव्या पोराच्या आहेत. नाव नको म्हणतो," असं सांगत लोर्नाने कोऱ्या वेष्टनातल्या गाण्याच्या तबकड्यांचा खोका डेसमंडच्या रेकॉर्डच्या दुकानात ठेवला. लोहार बापाच्या हातोड्याचा आवाज घालून केलेलं तिचं गाणं आधी शेफिल्डच्या तळघरांतल्या क्लबांत वाजलं, मग सुपरमार्केटांत. तेव्हापासून दोन्हीकडच्यांना तिच्याकडून तेच हवं होतं. ही नवी तबकडीही तिचीच होती; ती नावावाचून खपली असती, तर लोर्ना त्या जुन्या गाण्यातून सुटली असती.

डेसमंडने सुई टेकवली, आठ ठोके ऐकले आणि हसला.

"पोरी, कुणाला बनवतेस? हा तर तुझा बाप, फ्रँक!"

"डेसकाका, बाबांचा एकही आवाज यात नाही. सगळे काढले मी."

"आवाज नाही गं. पण घाव घालण्याआधी तो जरासा थांबायचा, तसा तुझा प्रत्येक ठोका थांबतोय. शेजारच्या ऐरणीवर काम करत वीस वर्षं ऐकलंय मी."

बाप जाऊन पाच महिने झाले होते. त्याचं ते थांबणं आपल्या ठोक्यांत उतरलंय, हे तिला आजवर कळलंच नव्हतं.

"कुणाला सांगू नका."

पण मागे उभ्या दोन गिऱ्हाइकांनी ऐकलं होतं. "लोर्नाची नवी? मला द्या!" क्लबातला एक दाढीवाला म्हणाला. "मलाही," लेकीला घेऊन आलेली बाई म्हणाली.

डेसमंड जाड पेनने वेष्टनांवर तिचं नाव लिहू लागला. ठोके पडत होते, प्रत्येक किंचित उशिरा, आणि लोर्ना ते ऐकत उभी राहिली.