डाव्या खिडकीतला रस्ता

दत्तोपंत गाडी चालवायला बसले की मागच्या बैलगाडीवाल्यानंही वाट मागावी. काटा चाळीसच्या वर गेला की त्यांना घाम फुटे. याच वेगानं दोन वर्षं दर रविवारी त्यांनी लेकीला, उर्वीला, नांदेडहून लातूरच्या क्लासला नेलं-आणलं होतं आणि वाटभर घसा फोडून जीवशास्त्र शिकवलं होतं. कॉलेजात तोच त्यांचा विषय. पोरीनं मात्र डॉक्टरकीला रामराम ठोकला आणि चित्रकला धरली. तेव्हापासून बापलेकीत 'जेवायला या' आणि 'जेवलो' एवढंच बोलणं उरलं होतं.

आज लातुरात तिचं पहिलं प्रदर्शन. गावात गॅलरी कुठली, म्हणून सुट्टीत रिकामा पडलेला एका क्लासचाच हॉल घेतलेला. 'जातो, बघतो आणि बी.एस्सी.ला नाव घाल म्हणून तोंडावर सांगतो,' असं बायकोला बजावून पंत निघाले होते.

भिंतींवर सगळे रस्तेच. लोह्याजवळचं पंक्चरचं दुकान, टायरवर बसलेली कोंबडी. रिंगरोडच्या बंगल्यांपुढं कव्हर घालून झोपवलेल्या गाड्या. टॉपर पोरांचे भले मोठे फलक आणि त्यांच्याखाली रिव्हर्स घेताना अडकलेला टेम्पो. प्रत्येक चित्राच्या कडेला गाडीच्या डाव्या खिडकीची काच.

पंतांचं टाळकं सरकलं. "म्हणजे मी पेशीविभाजन सांगत होतो, तेव्हा तू हे बघून राहिली होतीस?"

"हाव, बाबा," उर्वी पडेल आवाजात म्हणाली.

शेजारी उदगीरचे टायरवाले वीरण्णा चित्राला नाक लावून उभे होते. "पोरी, गाडी कोण चालवत होतं गं? आमचं पोरगं हाणतंय तर झाडं बी दिसत न्हाईत. हितं कोंबडीचा डोळा दिसून राहिलाय!"

"माझे बाबा. ते हळू चालवतात म्हणून तर दिसलं सगळं."

आजवर त्यांच्या हळू चालवण्याची दखल लोकांनी हॉर्न वाजवूनच घेतली होती. पंतांना एकदम भरून आलं. बी.एस्सी.चं बोलणं घशातच राहिलं. ते पुन्हा पहिल्या चित्रापाशी गेले. इतक्या वेळा त्या रस्त्यानं गेलो आणि यातलं काहीच कसं बघितलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

संध्याकाळी हॉलला कुलूप लागलं. उर्वीकडे लायसन होतं, पण पंतांनी स्टिअरिंगला कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः डावं दार उघडून बसले.

"हळू घे," ते काच खाली करत म्हणाले. "मला बघायचंय."